अंगणातला साग कोणाचा?

चंद्रपुरात आमच्या घरामागच्या वाडीत एक साग आहे. वडिलांनी तो १९८१ च्या पावसाळ्यात लावला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वादळात हा साग स्वयंपाकघराच्या कवेलूंकडे कलला. तो काढून टाकावा असे घरात ठरले आणि मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथून मला दुसऱ्या कार्यालयात पाठवले. दुसरीकडच्या गृहस्थांनी अर्ज शांतपणे वाचला आणि विचारले, ‘झाड तुमचेच आहे, हे कशावरून?’

मला राग आला. घराचा कर आम्ही भरतो, आखीव पत्रिकेवर नाव आमचे, झाडाला पाणी घातले आईने; आणि हे विचारतात कशावरून? पुढे जुने कायदे आणि अहवाल वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की त्या गृहस्थांनी प्रश्न मनाने काढलेला नव्हता. तो त्यांच्या खुर्चीपेक्षा कितीतरी जुना आहे. चांदा-गडचिरोलीच्या माणसाच्या दारातल्या झाडाचा इतिहास त्या एका प्रश्नात आहे.

परवानगी कोणी कोणाची घ्यायची?

मराठीत झाडांच्या परवानगीविषयीचा सर्वांत महत्त्वाचा जुना मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगितले आहे. सागासारखी रानातली झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे कारण दिले आहे. एखादे झाड फार जुने होऊन उपयोगातून गेलेच असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मग तोडावे. बळजोरी करू नये.

हा दस्तऐवज आपल्या भागाचा नाही आणि तो सर्वत्र तंतोतंत पाळला गेला असेल असेही मी म्हणत नाही. पण त्यातली परवानगीची दिशा पाहा. रानातल्या झाडासाठी परवानगी सरकारची आणि लावलेल्या झाडासाठी धन्याची. लाकूड सरकारला हवे होते, म्हणून विचारायचे सरकारने होते.

चांद्याची रीत

आपल्याकडेही कष्टाने हक्क निर्माण होतो ही समजूत जुनी आहे. गोंड राजांच्या काळी जो रान साफ करून तळे बांधील, त्याला जमीन देण्याची रीत होती, असे इंग्रज अमदानीतले अहवाल सांगतात. त्या जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात आज तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. तिथल्या किती जणांना हा अर्थ ठाऊक असेल कोण जाणे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. नव्या बंदोबस्तात मालगुजार गावाचे मालक ठरले. गावकऱ्यांचे सरपण, चराई, घराला लागणारे लाकूड यांविषयीचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात लिहिले गेले. मात्र रिवाज एकदा कागदावर गेला, की कागदात नसलेला रिवाज दुबळा होतो. याच काळात रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढली. १८६५ आणि १८७८ चे वन कायदे झाले आणि साग हा सरकारच्या हिशेबाचा विषय बनला.

१९२७ चे गृहीतक

आजही लागू असलेला भारतीय वन कायदा १९२७ चा. त्यातल्या दोन गोष्टी परसबागेपर्यंत पोहोचतात. पहिली म्हणजे ‘वनोपज’ची व्याख्या. इमारती लाकूड, कोळसा, लाख, मोहाची फुले, मोहाच्या बिया हे सारे जंगलातले असो वा नसो, वनोपजच. म्हणजे माझ्या सागाचा ओंडका वाडीत पडला त्या क्षणी कायद्याच्या भाषेत वनोपज झाला. त्याची ने-आण करण्याचे नियम कलम ४१ खाली सरकार करते. वाहतूक परवाना आणि ओंडक्यावरचा हातोड्याचा ठसा तिथून आले.

दुसरी गोष्ट कलम ६९ ची. एखादा वनोपज सरकारचा आहे की नाही असा प्रश्न या कायद्याखालच्या कारवाईत उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच मानायचा. त्या कार्यालयातला प्रश्न इथून आलेला आहे. आरक्षित जंगलातून चोरलेला साग आणि वाडीतला साग कापल्यावर सारखेच दिसतात. तेव्हा चोरी पकडायला हे गृहीतक सोयीचे, हे मान्य. पण त्यामुळे पुराव्याचे ओझे झाड लावणाऱ्याच्या डोक्यावर आले.

गंमत अशी, की मालकीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेच सुटला होता. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ रोजी गावांची जंगले आणि पडीत जमिनी सरकारजमा झाल्या. पण त्याच कायद्याच्या कलम ५ ने घरे, अटींनुसार घराभोवतीच्या वाड्या आणि त्यांतली झाडे व विहिरी ज्याच्या त्याच्याकडे राहू दिल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या, कलम २५ नेही धारण जमिनीवरच्या झाडांचा हक्क साधारणपणे धारकाचा मानला. मालकी मिळाली, गृहीतक मात्र तिथेच राहिले.

एका झाडावर किती कायदे

नंतरचे कायदे वेगवेगळ्या हेतूंनी आले. १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा झाडे राखण्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी. त्याच्या अनुसूचीत साग, मोहा, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा अशी आपल्या धुऱ्यावरची आणि दारातलीच झाडे आहेत. मात्र झाड मेलेले, रोगट किंवा जीविताला धोक्याचे असेल, तर परवानगी नाकारू नये असेही तो सांगतो. १९६९ चा कायदा आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी. व्यापारी कवडीमोलाने साग उचलत, म्हणून हा व्यवहार शासकीय देखरेखीखाली आणला. परवानगी इथे दुबळ्याच्या बाजूने उभी राहते, हे विसरता कामा नये.

शहरांसाठी १९७५ चा झाडे जतन कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आले, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आली. अर्ज आल्यावर चौकशी करायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, एक सूचना झाडावर ठळक जागी लावायची. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद मूळ कायद्यात आहे. ‘तोडणे’ या शब्दात जाळणे आणि झाडाला कोणतीही इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली.

चंद्रपूरसारख्या शहरात हे कडक नियम अनाठायी नाहीत. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, भोवती कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र. २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत आपले नाव होते. दारातल्या चिंचेची सावली इथे चैन नाही.

परकोटाशेजारी

जुन्या शहरातल्या काही घरांना आणखी एक परवानगी लागते. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या दरवाजांना जोडणारा गोंडकालीन परकोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९९२ च्या अधिसूचनेने आणि पुढे २०१० च्या कायदादुरुस्तीने अशा वास्तूपासून शंभर मीटर निषिद्ध आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम नाही. घराच्या दुरुस्तीलाही परवानगी हवी. याच परकोटाच्या दगडांत मात्र पिंपळ-वड विनापरवाना रुजले आणि त्यांच्या मुळांनी भिंत फोडली. २०१७ पासून ‘इको-प्रो’च्या कार्यकर्त्यांनी ती झाडी काढण्याचे काम हाती घेतले. झाड राखणे आणि झाड काढणे, दोन्ही जतनच असू शकते.

बांबूची वाट

१९२७ च्या कायद्यात ‘झाड’ या शब्दात बांबूही होता. त्यामुळे गडचिरोलीतल्या शेतकऱ्याने आपल्या वाडीतले बेट तोडून बाजारात नेले, तर तोही नियमात अडके. २०११ च्या एप्रिलमध्ये मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले. वनहक्क कायद्याने मिळालेल्या सामूहिक जंगलाचा बांबू आता गाव स्वतःच्या सहीने पाठवू लागले. २०१७ मध्ये केंद्राने ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्दच काढला. एक शब्द गेला आणि वाडीतल्या बांबूवरचा संशय गेला.

सागाबाबत इतके सोपे होणार नाही, कारण सागाची चोरी खरी आहे. पण एक गोष्ट करता येईल. सातबाऱ्यावर झाडांची नोंद घेता येते. शहरातल्या आखीव पत्रिकेवर तशी सोय नाही. वृक्षगणना कायद्यानेच करायची आहे. ती करताना दारातल्या झाडाची नोंद करून घरमालकाला एक सही-शिक्क्याची चिठ्ठी दिली, तर चाळीस वर्षांनी ‘कशावरून’ हे विचारावे लागणार नाही. परवानगी तेव्हाही घ्यावी. पण ती झाडाच्या प्रकृतीविषयी असेल, माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी नाही.

आमच्या सागाचे काय झाले ते सांगतो. बऱ्याच फेऱ्यांनंतर एक कर्मचारी पाहणीला आले. त्यांनी बुंधा ठोकून पाहिला, मुळांजवळची माती उकरली आणि म्हणाले, झाड निरोगी आहे; घराकडच्या दोन फांद्या उतरवा, पुरे. आम्ही तसेच केले आणि साग उभा आहे. परवानगीच्या व्यवस्थेने माझे झाड वाचवले, हे मी प्रांजळपणे लिहितो.

पण त्याच पावसाळ्यात शेजारच्या मावशींना कुंपणाजवळ आपोआप उगवलेले सागाचे रोप उपटताना पाहिले. का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘मोठं झालं का ते आपलं नाही राहत, बापू.’ तोडलेल्या झाडांची नोंद सरकारी कागदांत सापडते. अशा उपटलेल्या रोपांची कुठेच सापडत नाही.