मेलॅनोमाची प्रतिकारचिकित्सा : पूर्वसूचक चिन्हांच्या शोधाचा इतिहास

औषधाचा इतिहास बहुधा त्याच्या यशावरून लिहिला जातो. परंतु ज्या रुग्णांना त्याचा गुण आला नाही, त्यांचाही एक इतिहास असतो; आणि मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाच्या बाबतीत तो अधिक बोधप्रद आहे.

१८९१ साली न्यूयॉर्क येथील शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी सार्कोमाच्या रुग्णांना स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचण्यास प्रारंभ केला. काहींच्या गाठी विरल्या, काहींच्या विरल्या नाहीत. या भेदाचे कारण शोधण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९९८ मध्ये अमेरिकेत मेलॅनोमासाठी इंटरल्यूकिन-२ मान्य झाले, तेव्हाही २७० रुग्णांपैकी सुमारे १६ टक्क्यांचीच गाठ लक्षणीय प्रमाणात आटली होती.

टी-पेशींवरील नैसर्गिक निर्बंध दूर करणारी इपिलिमुमॅब (२०११), पेंब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब (२०१४) ही औषधे आल्यावर या प्रश्नास नवे स्वरूप प्राप्त झाले. २०१४ मध्येच दोन महत्त्वाची चिन्हे पुढे आली. ४६ रुग्णांच्या एका अभ्यासात, उपचारापूर्वीच गाठीच्या सीमेवर मारक टी-पेशी जमलेल्या असल्यास गुण येण्याचा संभव अधिक असल्याचे दिसले. इपिलिमुमॅब किंवा तत्सम औषध घेतलेल्या ६४ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात गाठीतील जनुकीय उत्परिवर्तनांची विपुलता आणि उपचाराचा लाभ यांचा संबंध आढळला. शिवाय लाभ झालेल्यांच्या गाठींत काही समान प्रथिनखंड असल्याचेही प्रतिपादन करण्यात आले. पुढील वर्षी ११० रुग्णांवर पडताळा पाहता उत्परिवर्तनांचा संबंध टिकून राहिला. समान प्रथिनखंड मात्र आढळले नाहीत. २०१८ मध्ये ह्यूस्टन व शिकागो येथील संशोधकांनी आतड्यांतील जंतूंकडे लक्ष वेधले. तथापि दोन्ही ठिकाणी अनुकूल ठरलेले जंतू एकच नव्हते.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. ९४५ रुग्णांच्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब एकत्र घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के, केवळ निव्होलुमॅब घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के, तर केवळ इपिलिमुमॅब घेणाऱ्यांपैकी २६ टक्के रुग्ण जिवंत होते. परंतु उपचारजन्य तीव्र उपद्रवांचे प्रमाण संयुक्त उपचारात ५९ टक्के, तर केवळ निव्होलुमॅबमध्ये २३ टक्के होते. एका औषधाने भागणारा रुग्ण आधी ओळखता आला, तर त्याची मोठी यातना टळेल. उलट, चुकीच्या चिन्हावर विसंबून उपचार नाकारला, तर जगू शकणारा रुग्ण दगावेल. गाठीवर पीडी-एल-१ हे प्रथिन न आढळलेल्या रुग्णांनाही गुण येतो. म्हणूनच २०१४ मध्ये अमेरिकेत पेंब्रोलिझुमॅबला मेलॅनोमासाठी मान्यता देताना त्या प्रथिनाच्या चाचणीची अट घालण्यात आली नाही.

सारांश, आजवर सापडलेली चिन्हे समूहातील संभव दाखवितात. एका व्यक्तीचे भवितव्य निश्चित करीत नाहीत. या दोहोंतील अंतर ओळखून त्यानुसार उपचाराचा निर्णय करणे, हाच या इतिहासाचा मुख्य धडा होय.