गालिच्याची धुलाई: गरम पाणी की गार?

गालिचा गरम पाण्याने धुवावा की गार, या प्रश्नाचे उत्तर काळागणिक बदलत आले आहे. धागा कशाचा, रंग कोणता आणि मळ कशाने काढायचा, या तीन गोष्टींवर ते ठरते. मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या गावांत पाण्याची चव ही चौथी गोष्ट त्यात मिळाली.

महाराष्ट्रातले जुने लोकरी अंथरूण म्हणजे घोंगडी. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर सणगर विणत आणि विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देत. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाण्यात साबण वा खार घालून ते चोळले की खवले एकमेकांत अडकतात, वीण आवळते आणि कापड आटते. आटलेली लोकर पुन्हा मूळ मापाला येत नाही. म्हणून लोकरीला गार पाणी आणि रिठ्याचा सौम्य फेस मानवतो.

सतरंजी आणि जाजम सुती. कापूस खाराला दाद देत नाही, उष्णताही सोसतो. परिटाची भट्टी याच गुणावर उभी होती. कपडे खाराच्या पाण्यात भिजवून उकळत्या भांड्यावर रचले जात आणि वाफेवर ठेवले जात. उष्णतेने तेलकट मळ पातळ होतो आणि खार त्याचा साबण बनवतो. दुसऱ्या दिवशी दगडावर आपटून गार पाण्यात खळबळले की काम संपे. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावरही सुती कपडे उकळण्याची हीच रीत चालली. पांढऱ्या सुताला ती मानवली, रंगीत पट्ट्यांना मात्र रंग पक्का असेल तरच.

रंगाचा प्रश्न खऱ्या गालिच्यांमुळे पुढे आला. पुण्याच्या येरवडा तुरुंगात १९व्या शतकात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांच्या नकलाही तिथे झाल्या. तुरटी लावून चढवलेला मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा निळा हे टिकाऊ रंग. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला आणि त्यानंतर स्वस्त रासायनिक रंग भारतातल्या गालिच्यांत शिरले. त्या सुरुवातीच्या रंगांपैकी बरेच कच्चे होते. पाणी लागताच ते शेजारच्या फिक्या लोकरीत उतरत आणि गरम पाण्यात अधिकच. तेव्हापासून ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा दाबून रंग सुटतो का ते आधी पाहणे शहाणपणाचे ठरले.

भाईंदरचा भाग मिठागरांचा. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ, आणि मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नाही. क्षारांशी संयोग होऊन साबणाची चिकट साय होते आणि ती धाग्यात अडकून बसते. पाणी तापवून ही अडचण पुरती सुटत नाही, कारण मीठ उकळून जात नाही. कृत्रिम डिटर्जंटने ती बरीच सोडवली. सर्फ १९५९ मध्ये भारतात आला, तर अहमदाबादेत १९६९ मध्ये निरमा सुरू झाला. अशी पावडर क्षारयुक्त आणि गार पाण्यातही काम करते. गरम पाण्याची सक्ती त्यामुळे सैल झाली.

१९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महापालिका. शहाड-टेमघरच्या योजनेतून उल्हास नदीचे आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून बारवी धरणाचे गोडे पाणी शहराला मिळू लागले. आता घराघरांत नायलॉन वा पॉलिप्रॉपिलिनचे गालिचे दिसतात. हे धागे लोकरीसारखे आटत नाहीत, त्यामुळे त्यांना कोमट ते गरम पाणी चालते. सफाईची यंत्रेही गरम पाणी दाबाने आत सोडून लगेच ओढून घेतात. पण पाठीला लावलेला डिंक अतिउष्णतेने आणि फार भिजल्याने सुटू शकतो. पाठ तागाची असेल तर ती आटते आणि तिचा तपकिरी डाग वर येतो.

डागाचा स्वभावही पाहावा लागतो. दूध, अंडे, रक्त यांतले प्रथिन गरम पाण्याने घट्ट बसते, म्हणून आधी गार पाणी. दुधाच्या चहालाही तोच नियम. तेल-तुपाला कोमट पाणी आणि डिटर्जंट लागते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, कारण साबणाचे द्रावण अल्कधर्मी असते आणि हळदीचा रंग त्यात पालटतो. अशा डागावर साबण घासण्याआधी तो गार पाण्याने टिपून घ्यावा.

म्हणजे लोकरीला गार किंवा जेमतेम कोमट, पक्क्या रंगाच्या सुतीला गरम, कृत्रिम धाग्याला कोमट, आणि कच्च्या रंगाला नेहमी गारच. समुद्राच्या दमट हवेत गालिचा किती लवकर वाळतो, हेही पाण्याच्या तापमानाइतकेच महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात ओल राहिली तर बुरशी धरते आणि कुबट वास येतो. म्हणून मोठी धुलाई कोरड्या दिवसांत करावी, पाणी बेताने वापरावे आणि धुतलेला गालिचा दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा टांगावा.