जी शर्यत चीनने सोडून दिली

२००५ साली जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या संस्थेने लँडविंड नावाची एक चिनी एसयूव्ही अडथळ्यावर आदळून पाहिली. गाडीचा पुढचा भाग असा चेपला, की चालकाच्या जागी माणूस असता तर तो वाचणं कठीण होतं. दोन वर्षांनी ब्रिलियन्स बीएस६ या चिनी सेडानला त्याच संस्थेच्या चाचणीत पाचपैकी एक तारा मिळाला. युरोपात ‘चिनी गाडी’ हा चेष्टेचा विषय झाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदरात एक जहाज लागलं. सुमारे ७,००० गाड्या मावतील एवढं मोठं. बीवायडी या चिनी कंपनीच्या विजेच्या गाड्या घेऊन ते आलं होतं.

मधल्या १९ वर्षांत काय घडलं? ‘स्वस्त मजुरी आणि सरकारी पैसा’ हे उत्तर लगेच मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर असं, की जी शर्यत आपण जिंकू शकत नाही ती चीनने वेळेवर ओळखली आणि सोडून दिली.

सुरुवात १९८४ ची. फोक्सवॅगनने शांघायमध्ये चिनी भागीदारासोबत कंपनी काढण्याचा करार केला आणि तिथे सान्ताना ही गाडी बनू लागली. परदेशी कंपनीने निम्मा हिस्सा चिनी भागीदाराला द्यायचा, हा पुढे नियमच झाला. हिशेब सरळ होता: आम्ही बाजारपेठ देतो, तुम्ही तंत्रज्ञान द्या.

बाजारपेठ दिली गेली, तंत्रज्ञान मात्र हवं तेवढं आलं नाही. सरकारी भागीदार कंपन्यांनी पैसा कमावला, पण इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये त्या मागेच राहिल्या. दुसऱ्याची गाडी जोडून विकण्यात भरपूर नफा असेल, तर स्वतःची घडवण्याची खटपट कोण करणार?

इथे वान गांग या इंजिनिअरचा प्रवेश होतो. त्यांनी डॉक्टरेट जर्मनीत केली आणि पुढे अनेक वर्षं ऑडीत काम केलं. जर्मन इंजिनामागे किती पिढ्यांचं ज्ञान आहे, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. २००० च्या सुमारास त्यांनी चिनी सरकारला सुचवलं, की पेट्रोल गाडीचा पाठलाग करण्यापेक्षा थेट नव्या ऊर्जेच्या गाड्यांकडे उडी घ्यावी. तिथे सगळेच नवखे आहेत. शिवाय तेलाची आयात आणि शहरांतला धूर हे दोन्ही प्रश्न हलके होतील. २००७ साली ते विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले, तेही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य नसताना. २००९ पासून विजेच्या गाड्यांना सरकारी अनुदान सुरू झालं आणि ते २०२२ पर्यंत टिकलं. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नंबरप्लेट लिलावात महागडी मिळायची, विजेच्या गाडीला ती फुकट मिळू लागली.

याच काळात शेन्झेनमध्ये बीवायडी वाढत होती. वांग चुआनफू यांनी १९९५ साली ती सुरू केली ती बॅटऱ्या बनवण्यासाठी. मोटोरोला आणि नोकियाच्या मोबाइलमध्ये या बॅटऱ्या जात. २००३ साली त्यांनी एक डबघाईची कारकंपनी विकत घेतली. म्हणजे बीवायडी ही बॅटरीला चाकं लावणारी कंपनी होती. युरोपातल्या कंपन्या उलट दिशेने आल्या: गाडी त्यांची, बॅटरी बाहेरून आणलेली.

लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. बॅटरीतला त्याचा उपयोग १९९७ मध्ये अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने दाखवला. त्यात निकेल-कोबाल्ट लागत नाही, म्हणून ते स्वस्त. पण त्यात ऊर्जा कमी मावते, म्हणून युरोपने निकेलच्या बॅटऱ्यांना पसंती दिली. चीनने हेच स्वस्त रसायन घेऊन वर्षानुवर्षं सुधारलं. २०२० साली आलेली बीवायडीची ‘ब्लेड’ बॅटरी त्यातूनच घडली.

आणि युरोप काय करत होता? डिझेल. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकली जाणारी निम्म्याहून जास्त नवी गाडी डिझेलवर चालत होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘लेगसी’ म्हणतो, तसंच हे. जुनी प्रणाली पैसे मिळवून देत असते, म्हणून ती मोडायला कुणी तयार नसतं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने प्रदूषण चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर वापरल्याचं उघड झालं. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होतं. त्यानंतर कंपनीने विजेकडे जोरात वळण घेतलं, पण तोवर बॅटरीची पुरवठासाखळी चीनमध्ये उभी राहिली होती.

युरोपचे जुने ब्रँडही चीनकडे जाऊ लागले होते. फोर्डने २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर टाटांना विकली आणि २०१० साली व्होल्वो चीनच्या जीलीला. बर्मिंगहॅमजवळचा लाँगब्रिज कारखाना २००५ मध्ये बंद पडला तेव्हा सुमारे ६,००० कामगार घरी बसले. त्याच कारखान्याचं एमजी हे नाव आज चीनमध्ये बनलेल्या विजेच्या गाड्यांवर युरोपभर फिरतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने आधीच्या १० टक्क्यांवर जादा आयातशुल्क लावलं: बीवायडीवर १७ टक्के, जीलीवर १८.८ टक्के, एमजीच्या मालक एसएआयसीवर ३५.३ टक्के. मजा अशी, की जर्मनीने विरोधात मत दिलं. जर्मन कंपन्यांची मोठी विक्री चीनमध्येच होते, आणि चीन उलटा वार करेल ही भीती होती. बीवायडी तर हंगेरीतल्या सेगेदमध्ये कारखाना उभारणार हे २०२३ मध्येच ठरलं होतं. जपानी गाड्यांवर बंधनं होती तेव्हा निसाननेही हेच केलं होतं. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या संडरलँडला तिचा कारखाना सुरू झाला.

किंमत मोजणारे मात्र वेगळेच असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑडीचा ब्रसेल्समधला कारखाना बंद झाला आणि सुमारे ३,००० कामगारांचं काम गेलं. तिथे डिझेल गाड्या नव्हे, विजेच्याच गाड्या बनत होत्या. पण त्या महाग होत्या आणि पुरेशा खपत नव्हत्या. त्या कामगारांनी नवं तंत्र नाकारलं नव्हतं. कुठली गाडी काढायची, हे ठरवणारे ते नव्हतेच.

२०२३ मध्ये फोक्सवॅगनने एक्सपेंग या चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर गुंतवले. चीनमध्ये फोक्सवॅगनच्या नावाने विकायच्या दोन गाड्यांसाठी तिला एक्सपेंगचं तंत्रज्ञान हवं होतं. सान्तानाच्या करारानंतर ३९ वर्षांनी शिकवणारा आणि शिकणारा यांनी जागा बदलल्या होत्या.