ऑफ-रोड गाडी घरी बनवताय? लिंकचे सांधे आणि बोल्ट असे निवडा

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत येतो. उन्हाळ्यात दगड आणि फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. अशा वाटांवर चालेल अशी गाडी जुनं इंजिन, जुना एक्सल आणि वेल्डिंग मशीनच्या जोरावर उभी करणारे हौशी लोक गावोगावी आहेत. अशा गाडीत चर्चा होते इंजिनाची आणि टायरची. पण एक्सल जागेवर धरून ठेवतात ते लिंकच्या टोकाचे सांधे आणि बोल्ट. धावत्या गाडीत त्यातला एक तुटला तर एक्सल तिरका होतो आणि स्टेअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही.

लिंक म्हणजे काय?

जुन्या जीपमध्ये पाटेच एक्सलला जागेवर धरतात. पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवली, की ती फक्त वजन पेलते. मग एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून चासी आणि एक्सल यांच्यात दांडे जोडावे लागतात. या दांड्यांना लिंक म्हणतात. साधारणपणे दोन खालच्या आणि दोन वरच्या असतात.

जोर किती येतो?

समजा, खालच्या लिंक जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर आहेत आणि वरच्या ४५ सेंटिमीटरवर. ब्रेक मारल्यावर त्या एक्सलच्या चाकांवर जमिनीचा ४०० किलो जोर आला, तर खालच्या दोन लिंकवर मिळून सुमारे ९०० किलो येतो. कारण एक्सल पिळला जातो आणि लिंक तरफेसारखं काम करतात. वरच्या-खालच्या लिंकमधलं अंतर कमी केलं, की हा जोर वाढतो. खड्ड्याचा धक्का त्याहून वेगळा. म्हणून सगळ्यात मजबूत सामान खालच्या लिंकला लावावं.

बुश की रॉड एंड?

- रबरी बुश: आवाज कमी, धक्का शोषतो, धुळीची फारशी काळजी नाही. पण फार पिळला तर फाटतो. त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावा. जॅकवर टांगलेल्या गाडीत आवळला, तर खाली उतरवताच रबर पिळलेलं राहतं.
- रॉड एंड: आत फिरणारा गोळा असलेला सांधा. चाक भरपूर वर-खाली होऊ देतो, पण धूळ-चिखलाने लवकर झिजतो आणि खडखडतो. तो लिंकच्या लांबीच्या दिशेने जोर घेतो, वाकवणारा जोर त्याला सोसत नाही. म्हणून शॉकअबचा खालचा टेकू लिंकच्या मध्यावर देऊ नये.

रोजच्या कच्च्या रस्त्यासाठी चासीकडे बुश आणि एक्सलकडे रॉड एंड ही जोडी सोयीची पडते. एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे ठेवले, तर लिंक न काढता लांबी कमी-जास्त करता येते. आटे व्यासाच्या दीडपट तरी आत गेलेले असावेत आणि लॉक नट हवाच.

बोल्टवरचे आकडे वाचा

बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल, तर तुटण्याची ताकद सुमारे ८०० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जाण्याची मर्यादा तिच्या ८० टक्के. १०.९ त्याहून वरचा. डोक्यावर काहीच नसेल, तर तो बोल्ट सस्पेन्शनला नको.

बोल्ट दोन पट्ट्यांच्या मधे धरलेला असावा. तो दोन जागी जोर घेतो, म्हणून प्रत्येक जागी ताण निम्मा होतो. शिवाय पट्टीला टेकणारा भाग गुळगुळीत हवा, आट्यांचा नको. १२ मिलिमीटरच्या बोल्टचं क्षेत्रफळ गुळगुळीत भागात सुमारे ११३ चौरस मिलिमीटर असतं, आट्यांच्या तळाशी जेमतेम ७६. भोकं ड्रिलने पाडावीत, गॅसने नाही. सैल भोक प्रत्येक धक्क्याला मोठं होत जातं.

महाराष्ट्रातल्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी अशाच गाड्या बनवतात. तिथे महत्त्वाच्या जागी ८.८ हा किमान दर्जा लागतो आणि नटाच्या बाहेर दोन आटे तरी दिसावे लागतात. रॉड एंड एकाच बाजूने धरलेला असेल, तर गोळा निसटला तरी लिंक सुटू नये म्हणून मोठा वायसर लावावा लागतो. घरच्या गाडीलाही हेच नियम लावावेत.

पाइप आणि तपासणी

पाण्याचा जीआय पाइप लिंकसाठी नाही. तो वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूरही घातक असतो. जाड भिंतीची सीमलेस नळी घ्यावी. प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारावी, म्हणजे नट फिरला तर लगेच दिसतो. नायलॉनचा लॉक नट एकदा काढला, की नवा घालावा.

रस्त्यावर चालवता येईल का?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असंही म्हटलं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. नोंदणी झालेल्या गाडीत परवानगीशिवाय बदल केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे अशी गाडी स्वतःच्या शेतात किंवा परवानगीच्या खासगी जागेतच चालवावी. आणि तिथेही प्रत्येक फेरीआधी खाली वाकून लिंकचे नट पाहावेत.