धाकट्याचा वाटा

एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की गावात चर्चा होते ती भांडणाची. कोण आधी बोलले, वकील कोणी गाठला, थोरल्याची बायको काय म्हणाली, वगैरे. धाकट्याच्या वाट्याला काय आले आणि त्याने त्याचे काय केले, हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. बीटल्सच्या बाबतीत नेमके असेच झाले. १० एप्रिल १९७० रोजी पॉल मॅकार्टनी बाहेर पडल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला त्याने भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. या दोन तारखांच्या मध्ये, नोव्हेंबरच्या अखेरीस, चौघांतला सर्वांत धाकटा जॉर्ज हॅरिसन याने तीन तबकड्यांची एक जाडजूड पेटी बाजारात आणली. तिचे नाव 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. २ जानेवारी १९७१ पासून ती अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ज्याला एका रेकॉर्डवर सहसा एक-दोन गाण्यांपलीकडे जागा मिळत नसे, त्याच्याकडे एकाएकी तीन तबकड्या भरतील एवढे संगीत कुठून आले, हा या लेखाचा विषय आहे.

मी २००१ साली पीएच्.डी.साठी अमेरिकेत आलो. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला हॅरिसन लॉस एंजेलिसला कर्करोगाने वारला आणि पुढचे काही दिवस रेडिओवर त्याचीच गाणी लागत होती. आमच्या विद्यापीठाच्या गावातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याच सुमारास मला ती मूळ पेटी मिळाली. कोपरे झिजलेले, पण आतल्या तबकड्या शाबूत. तेव्हापासून ती माझ्याबरोबर तीन राज्यांत फिरली आहे.

आधी थोडा हिशेब. हॅरिसन जॉन लेनन आणि पॉलच्या कंपूत आला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. पॉल त्याच्याहून आठच महिन्यांनी मोठा, पण वयाचा फरक आकड्यांवर थोडाच ठरतो? शाळेत जो एक इयत्ता मागे, तो कायमचा मागे. गाणी लिहायची ती जॉन आणि पॉलने, हा घरचा नियम ठरून गेला. १९६५ साली त्यांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणारी नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा जॉन आणि पॉलकडे प्रत्येकी १५ टक्के भाग होते. हॅरिसन आणि रिंगो स्टार या दोघांत मिळून १.६ टक्के. म्हणजे हॅरिसनने स्वतः लिहिलेल्या गाण्यावरही त्याच्याहून जास्त कमाई थोरल्या दोघांची होत असे.

पण मुलगा लिहीत राहिला. या पेटीतले 'इझन्ट इट अ पिटी' हे गाणे १९६६ सालचे. पेटीला जिच्यावरून नाव मिळाले ती रचना जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमींत अनेकदा वाजवली गेली आणि बाजूला पडली. पीटर जॅक्सनने त्या तालमींचा सुमारे आठ तासांचा चित्रपट २०२१ साली पुढे आणला. तो मंडळातल्या अनेकांनी पाहिला असेल. हॅरिसन नवे गाणे घेऊन येतो आणि बाकीच्यांचे लक्ष दुसरीकडेच, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसते. १० जानेवारीला तो शांतपणे उठून निघून गेला आणि घरी जाऊन त्याच दिवशी त्याने 'वॉ-वॉ' लिहिले. पुढे काही दिवसांनी तो परतला. २५ फेब्रुवारीला, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, तो एकटाच स्टुडिओत गेला आणि तीन गाणी टेपवर उतरवून आला. त्यांतले 'समथिंग' त्याच वर्षी बीटल्सच्या रेकॉर्डवर आले आणि जगभर गाजले. दुसरे म्हणजे या पेटीचे शीर्षकगीत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे ओळखीचे वाटेल. माझ्या एका जुन्या नोकरीत टीममधल्या दोघा ज्येष्ठांची डिझाइन्स नेहमी पुढे जात आणि बाकीच्यांची 'पुढच्या रिलीजमध्ये बघू' या पेटाऱ्यात पडत. त्या दोघांत दुष्टपणा नव्हता, ते खरोखरच हुशार होते. अडचण तीच होती. लेनन आणि मॅकार्टनी सामान्य असते, तर हॅरिसनला जागा सहज मिळाली असती.

हॅरिसनने वाट पाहण्याच्या या वर्षांत दुसरीकडे शिक्षण चालू ठेवले, आणि इथे आपला मुंबईशी संबंध येतो. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटली, गर्दी जमली, आणि गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, या वेळी एच्.एम्.व्ही.च्या मुंबईतल्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला. लंडनला त्याच्या दिमतीला चार ट्रॅकची यंत्रे होती. इथे ई.एम्.आय.चे भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी कलकत्त्याहून आगगाडीने दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र आणवले. शिवकुमार शर्मांचे संतूर, आशिष खान यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा तबला असा तो ताफा होता. म्हणजे आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर रेकॉर्ड करण्याचा हॅरिसनचा पहिला अनुभव बऱ्याच अंशी मुंबईचा.

पुढे त्याने सतार बाजूला ठेवली. रविशंकरांच्या तोडीचे आपण कधी होणार नाही, हे त्याला कळले होते. पण कान तयार झाला होता. डिसेंबर १९६९ मध्ये एका अमेरिकन कंपूबरोबर दौऱ्यावर असताना त्याने स्लाइड गिटार हाती घेतली. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवर सरकवायची, म्हणजे स्वर तुटक न येता एकातून दुसऱ्यात वाहतो. मींडेची सवय असलेल्या आपल्या कानाला या पेटीतली गिटार चटकन जवळची वाटते, याचे कारण हे असावे. जॅझ किंवा ब्लूजवाले स्लाइड वाजवतात त्याहून ही वेगळी आहे. ती गायकासारखी स्वरावर अलगद उतरते.

मे १९७० च्या अखेरीस त्याने निर्माता फिल स्पेक्टरपुढे आपला साठा मोकळा केला. दोन दिवसांत तीस गाणी टेपवर उतरली! मग काम सुरू झाले. स्पेक्टरची पद्धत अशी की एकाच खोलीत तीन-चार गिटारी, दोन पियानो, दोन ड्रम, सगळे एकदम वाजवायचे आणि त्यावर प्रतिध्वनी चढवायचा, म्हणजे वेगवेगळी वाद्ये न ऐकू येता आवाजाची एक भिंत उभी राहते. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, क्लाउस फोरमन, रिंगो, बॅडफिंगर कंपूची मुले असे सगळे आले. वाद्यांचा पाया ई.एम्.आय.च्या आठ ट्रॅकच्या यंत्रावर घातला गेला आणि वरचे मजले ट्रायडंट स्टुडिओच्या सोळा ट्रॅकच्या यंत्रावर चढले. जुलैत हॅरिसनची आई गेली. स्पेक्टर तब्येतीमुळे मधूनच लंडन सोडून गेला, आणि कित्येक आवाज व गिटारी हॅरिसनने स्वतःच थरावर थर चढवून पुऱ्या केल्या. कव्हरवर तो आपल्या फ्रायर पार्कच्या हिरवळीवर स्टुलावर बसला आहे आणि भोवती बागेतले चार बुटके पुतळे आडवे पडले आहेत. हे चार कोण, हे लोकांनी आपापले ओळखले.

आता वाटणीची दुसरी बाजू. एकत्र घर धाकट्याला अडवते तसे सांभाळतेही. पेटीतली तिसरी तबकडी म्हणजे मित्रमंडळींनी मिळून वाजवलेले लांबलचक तुकडे. बीटल्समध्ये असताना हे कोणी बाहेर पडू दिले नसते. आणि सर्वांत मोठा फटका बसला तो सर्वांत लोकप्रिय गाण्याला.

'माय स्वीट लॉर्ड' हे कुठल्याही बीटलचे स्वतंत्रपणे पहिल्या क्रमांकावर गेलेले पहिले गाणे. त्यात मागचे गायक आधी ख्रिस्ती भजनातला घोष करतात, मग नकळत हरिनामावर येतात, आणि पुढे गुरुपौर्णिमेला आपल्या शाळांतून म्हटला जातो तो गुरुवंदनेचा श्लोकही येतो. पण चाल? १९६३ साली शिफॉन्स या मुलींच्या कंपूने 'ही इज सो फाइन' हे गाणे गाजवले होते. त्याच्या हक्कदारांनी १९७१ साली दावा लावला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला न्यायमूर्ती रिचर्ड ओवेन यांच्यापुढे तो चालला. हे न्यायमूर्ती स्वतः संगीतरचनाकार. त्यांनी चालीचे दोन तुकडे वेगळे काढले. आपल्या सरगमीत सांगायचे तर पहिला 'प ग रे' आणि दुसरा 'प ध सा ध सा'. दोन्ही गाण्यांत हे तुकडे त्याच क्रमाने आणि जवळजवळ तितक्याच वेळा येतात.

आपण म्हणू, यात काय विशेष! हे सगळे भूपाचे स्वर, आणि 'प ग रे' वर मालकी सांगायची तर भूप गाणाऱ्या प्रत्येकावर खटला भरावा लागेल. पण आपल्याकडे राग सर्वांचा आणि त्याची मांडणी गायकाची. तिकडे मांडणी हीच मालमत्ता. न्यायमूर्तींनी निकाल दिला की हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केलेली नाही, ऐकलेली चाल त्याच्या मनाच्या तळाशी राहिली आणि स्वतःची म्हणून वर आली. कायद्याच्या दृष्टीने तरीही ते उल्लंघनच. भरपाईचा आकडा निघाला १५,९९,९८७ डॉलर. दरम्यान १९७८ साली हॅरिसनचाच माजी मॅनेजर ॲलन क्लाइन याने ते हक्क ५,८७,००० डॉलरना विकत घेऊन ठेवले होते. १९७१ मध्ये हाच क्लाइन हॅरिसनच्या बाजूने वाटाघाटी करत होता. १९८१ मध्ये कोर्टाने ठरवले की या माणसाला नफा मिळता कामा नये, आणि हॅरिसनची देणी तेवढ्याच रकमेवर आणली.

मला वाटते, जुन्या घरात हे घडले नसते. तिथे कोणीतरी तोंडावर म्हणाले असते, "अरे, ही तर त्या मुलींची चाल!", एखादा स्वर बदलला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. १९७० च्या उन्हाळ्यात स्टुडिओत जमलेली माणसे मित्र होती, पाहुणे होती. त्यांतले कोणी धाकट्या भावाचे गाणे थोरल्याच्या नजरेने तपासणारे नव्हते. ज्या नजरेने त्याची पाच वर्षांची गाणी अडवली, त्याच नजरेची त्या दिवशी गरज होती.

म्हणून वाटणी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. वाटणी झाली नसती तर यातली निम्मी गाणी आपण ऐकलीच नसती, आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रविशंकरांच्या शब्दाखातर, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम घेण्याचे वजनही हॅरिसनपाशी नसते.

ज्यांनी ही पेटी ऐकलेली नाही, त्यांनी सुरुवात 'बिवेअर ऑफ डार्कनेस' पासून करावी. २०२१ साली, पन्नास वर्षांच्या निमित्ताने, नवे मिक्सिंग निघाले. त्यात प्रतिध्वनी पुष्कळ कमी केला आहे आणि आवाज पुढे आला आहे. २००१ च्या आवृत्तीच्या वेळी हॅरिसनने स्वतः तीच इच्छा बोलून दाखवली होती. मे १९७० च्या त्या दोन दिवसांची कच्ची गाणीही त्याच्या मोठ्या संचात आहेत. घरात कोणी गिटार शिकत असेल तर ती आधी ऐकवावीत. त्यांतल्या दुसऱ्या दिवशीच्या गाण्यांत तर एक माणूस, एक गिटार आणि मागे साठलेली चार-पाच वर्षे, एवढेच आहे.