करमाफी, धर्मपीठ आणि वाणी

कर माफ करणारे राज्य धर्मपीठाच्या वाणीवर हक्क सांगू शकते काय? 1954 साली अमेरिकेने करमुक्त संस्थांना उमेदवारांच्या प्रचारापासून रोखले. आपल्या 1988 च्या कायद्याने बंधन जोडले ते करमाफीशी नव्हे, वास्तूशी : धर्मस्थळाच्या आवारात राजकारण नको. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. तेथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकातून आणि ‘हरित वसई’ चळवळीतून सत्तेला जाब विचारीत होते. ते राजकारण नव्हतेच, असे म्हणणे आम्हांस भाबडेपणाचे वाटते. पक्षीय मात्र ते नव्हते. कायद्याची व्याख्या पक्षापाशी थांबत नाही. राजकीय स्वरूपाचा कोणताही प्रश्न तिच्या कक्षेत येतो. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो आले, तेव्हा विरोध झाला; तो त्यांच्या लेखनाला नव्हे, झग्याला होता.