शिडाच्या नौका आणि दक्षिण महासागरातील बेटे

शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे स्वप्न भारतीय नौदलाने पाहिले, त्यामागची प्रेरणा होती निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी येथे राहत. एकट्या भारतीयाने शिडाच्या बळावर जगाला वळसा घालावा, असा त्यांचा आग्रह होता. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी हे स्वप्न एकदा नव्हे, तर तीनदा साकार झाले होते.

या मोहिमेसाठी ५६ फूट लांबीची 'म्हादेई' ही नौका गोव्यात बांधण्यात आली. मांडवीतील दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती आकारास आली आणि मांडवीच्याच जुन्या नावाने ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले व केपटाऊन एवढेच चार थांबे त्यांनी घेतले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनी हा मान मिळविला.

वाटेवरची बेटे

चाळीस अंश दक्षिण अक्षांशाखाली पश्चिमेचे वारे अडविणारी जमीन जवळजवळ नाही. त्यामुळे लाटा डोंगराएवढ्या होतात. याच वाऱ्यांवर शिडाच्या नौका वेगाने पूर्वेकडे जातात. मात्र संकट आले, तर आसरा मिळतो तो तुरळक बेटांवरच. केप हॉर्नला वळसा घातल्यावर लागणारी फॉकलंड बेटे त्यांपैकी एक होत. सातशेहून अधिक लहानमोठ्या बेटांच्या या समूहात मनुष्यवस्ती थोडी. पेंग्विन, सील व समुद्रपक्ष्यांचे राज्य मोठे. त्यापूर्वी पॅसिफिकमध्ये 'पॉइंट नीमो' हे ठिकाण येते. तेथून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटरवर असून, त्यांपैकी एक असलेले ड्यूसी बेट निर्मनुष्य आहे. 'तारिणी' जानेवारी २०२५ मध्ये येथून गेली.

ॲमस्टरडॅम बेटाचा आधार

बेटाचे मोल किती, हे २०१८ मध्ये कळले. 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत टॉमी यांची 'तुरीया' ही नौका २१ सप्टेंबरला वादळात सापडून उलटली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली आणि त्यांना अंथरुणावरून हलता येईना. उपग्रहावरून धाडलेल्या त्रोटक संदेशांवर शोधमोहीम चालली. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजाने त्यांना उचलले आणि ॲमस्टरडॅम बेटावर नेले. तेथून नौदलाच्या 'सातपुडा' या युद्धनौकेने त्यांना मायदेशी आणले. पुढे तेच टॉमी याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

कोणत्याही खंडापासून तीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या या फ्रेंच बेटावर कायमची वस्ती नाही. मोजके संशोधक व कर्मचारी तेवढे राहतात. ॲमस्टरडॅम अल्बाट्रॉस हा पक्षी जगात केवळ येथेच अंडी घालतो. २०१९ मध्ये या भागाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र वणव्याने बेटाचा मोठा भाग जळाला. बाहेरून आलेली गुरे, उंदीर व मांजरे यांनीही अशा बेटांवरील पक्ष्यांची फार हानी केली आहे. म्हणूनच परवानगीवाचून तेथे पाऊल ठेवता येत नाही. खलाशाला जीवदान देणारी ही बेटे स्वतः मात्र अतिशय नाजूक आहेत.